२९ आठवड्यांची लेक २६ महिन्यांची झाली, शब्द फक्त ६

जेलरोडची_आई | १२ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार. लेक झोपली आहे, हे रात्रपाळीला अंबडला गेलेत. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

चिऊ (घरातलं नाव) २९व्या आठवड्यात झाली. माझं बीपी एकदम वाढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं आणि दोन दिवसांत सिझर करावं लागलं. वजन १,१४० ग्रॅम. ५१ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती. आधी सीपॅप (नाकातून दाबाने हवा), मग ऑक्सिजन, नळीने दूध. डोळ्यांच्या पडद्याची (आरओपीची) तपासणी चार वेळा झाली, लेसर लागलं नाही. डोक्याची सोनोग्राफीही चांगली आली. घरी सोडताना कानाची एक तपासणी झाली होती, कागदावर 'ओएई पास' असं लिहिलंय.

आता ती २६ महिन्यांची आहे. ११ आठवडे आधी आली, ते वजा केले तर साडेतेवीस. १६व्या महिन्यात चालली. जिना चढते, चमच्याने खाते, "चप्पल आण" म्हटलं की आणते. पण बोलणं म्हणाल तर सगळे मिळून सहा शब्द: माय (सासूबाईंना), पापा, भूभू, दुदू, नाय आणि आठे. सासूबाई सटाण्याच्या, त्या तिला अहिराणीत "आठे ये" (इकडे ये) म्हणतात, तिथून उचललाय. मला अजून हाक नाही.

ज्या डॉक्टरांना दाखवतो ते म्हणतात, प्रीमॅच्युअर आहे, तीन वर्षांपर्यंत थांबा. शेजारची दीड वर्षाची मुलगी जिन्यातून "काकू, चिऊ कुठंय?" असं विचारते आणि माझ्या पोटात कालवतं. थांबू का? कुणी यातून गेलंय का?

सिन्नरकर_बाबा | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

ताई, आमची जुळी, ३२ आठवड्यांची. आता १९ महिन्यांची आहेत. एक पोपटासारखा बोलतो, दुसरा नुसतं बोट दाखवतो. घरचे म्हणतात, एक बोलतो म्हणून दुसऱ्याला गरज पडत नाही. आम्हीही गप्प बसलो होतो. तुमचा धागा वाचून झोप उडाली. मीही इथेच थांबतो.

आजी_पंचवटी | १३ जानेवारी, सकाळी ९:०२

बाळा, एवढी काळजी करू नकोस. माझा धाकटा चार वर्षांचा होईपर्यंत धड बोलत नव्हता, आज पुण्याला इंजिनियर आहे. आमच्या वेळी वेखंड मधात उगाळून जिभेला लावत. पोपटाने उष्टावलेला पेरू द्यायचे. रामकुंडावर नवस बोललेले मला आठवतात. लेकरू सातव्या महिन्यात येऊनही जगलं, ही काय थोडी गोष्ट आहे? बोलेलही.

बाळदवाखाना | १३ जानेवारी, दुपारी ३:२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगायलाच हव्यात.

वय वजा करून बघणं बरोबर आहे. ४० आठवडे धरून जितकं आधी जन्मलं तितकं साधारण दोन वर्षांपर्यंत वजा करतात. पण ही सवलत बाळाला आहे, तपासणीला नाही. साडेतेवीस महिने धरले तरी दोन वर्षांच्या आसपास ५० च्या पुढे शब्द आणि "पापा गेले", "दूध दे" अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. सहा शब्द कमी आहेत. चिऊला आत्ताच दाखवायला हवं.

दुसरं, ओएई पास म्हणजे कान शंभर टक्के ठीक असं नाही. ती तपासणी आतल्या कानातल्या पेशींचा प्रतिध्वनी पाहते. तिथून पुढे नसेने आवाज मेंदूपर्यंत नीट जातो का, हे तिला कळत नाही. त्यासाठी बेरा, म्हणजे झोपेत वायरी लावून करायची नसेची तपासणी. पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची बेरा करावी असंच सांगितलं जातं. व्हेंटिलेटर, रक्त बदलावं लागेल इतकी कावीळ, मेंदूज्वर, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी इंजेक्शनं, यातलं काही झालं असेल तर नक्कीच. खरं तर पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं ते वेळापत्रक आहे. तुमचं चुकलं असं म्हणत नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

आजी, तुमच्या मुलाचं ऐकून आनंद झाला. काही मुलं खरंच उशिरा बोलून पुढे बरोबरीला येतात. पण त्यातलं आपलं कोणतं, हे आधी कळत नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत धोका जास्त, म्हणून मी वाट बघायला सांगत नाही. आणि एक कळकळीची विनंती: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. त्यातल्या जंतूंमुळे बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. वेखंडही बाळाच्या जिभेला नको.

देवळाली_बाबा | १३ जानेवारी, रात्री १०:५५

मी सहसा लिहीत नाही. आज लिहितो.

आमचा मुलगा ३० आठवड्यांचा. कावीळ एवढी वाढली की रक्त बदललं. सोडताना त्याचीही ओएई पास होती. तो दीड वर्षाचा झाला तरी बोलेना. आम्ही काय केलं? त्याच्या मागे जाऊन ताट वाजवलं. तो वळला. झालं, कान चांगला आहे. मग सगळे म्हणाले थांबा, थांबलो. अडीच वर्षांचा असताना बेरा केली. ऑडिओलॉजिस्टने आलेख समोर ठेवला, त्यात लाटाच नव्हत्या. ऑडिटरी न्यूरोपॅथी. आवाज कानात जात होता, पण नसेतून नीट पुढे सरकत नव्हता. ताटाचा दणका कळायचा, "बाळा" कळायचं नाही.

वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत खेटे घातले. आधी कानाची यंत्रं लावून पाहिली, मग साडेतीनव्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचं यंत्र). आज तो सात वर्षांचा आहे, भांडतो, गाणी म्हणतो. पण ते एक वर्ष मला परत मिळणार नाही. ताई, उद्याच फोन करा. सगळं ठीक निघालं तर फार चांगलं, एक दिवस मोडेल इतकंच.

जेलरोडची_आई | १४ जानेवारी, सकाळी ६:३०

दादा, वाचून रात्रभर डोळा लागला नाही. आज संक्रांत, उद्या सकाळी फोन करते.

वाचा_श्रवण | १४ जानेवारी, दुपारी १:१०

मी स्पीच थेरपिस्ट आहे, गेली पंधरा वर्षं लहान मुलांबरोबर काम करते. बेरा होईपर्यंत दोन-चार गोष्टी विचारते. आकाशात काही दिसलं तर ते तुम्हाला दाखवायला बोट करते का? नावाने हाक मारली की दर वेळी वळते की कधीमधी? झोपताना तोंड उघडं असतं का? सर्दी वारंवार होते का? आधी बोलायची आणि आता सोडलेला असा एखादा शब्द आहे का? शेवटच्याचं उत्तर 'हो' असेल तर तो वेगळा आणि तातडीचा विषय आहे.

जेलरोडची_आई | १४ जानेवारी, दुपारी ४:४५

सोडलेला शब्द नाही. बोट दाखवते, आणि माझ्या तोंडाकडे बघते. ओझरकडचं विमान वरून गेलं की आजी दाखवते, मग ही मला ओढत नेऊन "ऊ, ऊ" करते. पण आता विचार करते तर आजीने दाखवल्यावरच तिचं लक्ष जातं. आवाजावरून ती आपणहून कधी वर बघत नाही. हाकेला कधीमधी वळते, आम्हाला वाटायचं खेळात रमली आहे. तोंड उघडं ठेवूनच झोपते, घोरते. थंडीत तर नाक सतत वाहतं.

वाचा_श्रवण | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:००

बोट दाखवून तुमच्याकडे बघते हे फार चांगलं लक्षण आहे. तरी दुरुस्त वय (आधीचे आठवडे वजा करून) १८ ते २४ महिने असताना एम-चॅट ही प्रश्नावली प्रत्येक प्रीमॅच्युअर बाळाची भरून घ्यावी, कारण स्वमग्नतेचं प्रमाण या मुलांत थोडं जास्त दिसतं. तुमच्या डॉक्टरांकडे मागा. आणि बेराबरोबर टिंपॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल बघणारी तपासणी) करायला सांगा. सर्दी आणि उघडं तोंड वाचून पडद्यामागे पाणी असेल अशी शंका येते.

जेलरोडची_आई | २३ जानेवारी, रात्री १०:१५

काल गंगापूर रोडला गेलो होतो. बेरा बाळ झोपलेलं असतानाच होते, म्हणून सांगितलं होतं की पहाटे उठवा आणि आणताना झोपू देऊ नका. पहाटे पाचला उठवली. जेलरोडहून रिक्षात बसलो, मी टाळ्या वाजवतेय, हे तिच्या तळव्यांना गुदगुल्या करतायत, आणि द्वारकाच्या सिग्नलला ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली. तिथे पोचलो तेव्हा टक्क जागी. दोन तास अंधाऱ्या खोलीत मांडीवर थोपटलं, नाही म्हणजे नाही. तशाच परत आलो. मी रिक्षात रडले.

आज पुन्हा गेलो, या वेळी भावाच्या गाडीने, खिडकी उघडी ठेवून, सासूबाई सोबत. त्यांनी तिला पायांवर आडवी घेऊन हलवलं आणि वीस मिनिटांत झोपली. कपाळाला आणि कानांमागे जेल लावून छोट्या वायरी चिकटवल्या, कानात इवलीशी नळी. पडद्यावर रेघा नाचत होत्या. मी त्या रेघांकडे बघत एनआयसीयूतल्या मॉनिटरसमोर उभी असल्यासारखी उभी होते, हात तसेच गार.

नस चांगली आहे! लाटा आल्या. पण दोन्ही बाजूंनी थोड्या मोठ्या आवाजाला आल्या, आणि टिंपॅनोमेट्रीचा आलेख दोन्ही कानांत सपाट. बी टाइप, तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या. म्हणजे पडद्यामागे पाणी साचलंय. मॅडमनी माझ्या कानांवर तळहात दाबून ठेवले आणि हळू आवाजात काहीतरी बोलल्या. नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. "ती हे असं ऐकते," म्हणाल्या.

बाळदवाखाना | २४ जानेवारी, सकाळी ८:४०

फार मोठं काम केलंत. या पाण्याला ग्लू इअर म्हणतात. पुष्कळदा ते आपोआप उतरतं, म्हणून साधारण तीन महिने थांबून पुन्हा तपासतात. नुसत्या अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या औषधांनी ते निघत नाही, उगाच देत बसू नका. कानात तेल तर मुळीच नको. नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पाणी राहिलंच तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. या थांबण्यात आणि आधीच्या थांबण्यात फरक आहे. आता काय आहे ते माहीत आहे, आणि परत कधी बघायचं तेही ठरलंय. हे तीन महिने स्पीच थेरपी मात्र लगेच सुरू करा.

वाचा_श्रवण | २४ जानेवारी, दुपारी २:३०

आता सविस्तर लिहिते, कारण मला याच विषयावर सगळ्यात जास्त बोलायचं असतं.

सगळा दोष पाण्याचा नाही. २९ आठवड्यांवर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूची बरीच जडणघडण पोटाबाहेर, दिवे आणि यंत्रांच्या आवाजात होते. साधारण २५व्या आठवड्यापासून पोटातलं बाळ आईचा आवाज ऐकायला लागतं. चिऊने त्यातले ५१ दिवस अलार्म ऐकत काढले. म्हणून काही कायमचं बिघडलं असं नाही, पण तिला आपल्याकडून जास्त काही लागेल.

आता घरी काय होतं ते सांगते, तुमचं घर न बघता. ज्या घराने ५१ दिवस काचेबाहेरून बाळ पाहिलं, त्या घरात त्या बाळाला कुणी रडू देत नाही. ती माठाकडे बघते, तोवर पेला हातात आलेला असतो. फडताळाकडे नजर गेली की बिस्किट. मी हे शंभर घरांत पाहिलंय, आणि एकाही आईला मी दोष दिलेला नाही. या प्रेमाने बोलणं अडत नाही, उशिराचं कारण ते नव्हेच. पण बोलण्याला जागा लागते, आणि ती आपण भरून टाकतो.

म्हणून पेला हातात घ्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, "पाणी" म्हणा, आणि गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. हे दहा आकडे आईला फार लांब वाटतात. तिने "पा" म्हटलं, हात पुढे केला, नुसतं तुमच्याकडे बघितलं तरी पाणी द्या, आणि देताना म्हणा, "पाणी. गार पाणी." अडवून ठेवायचं नाही, "आधी बोल, मग देते" असं तर कधीच नाही. "हे काय? सांग, सांग" असली परीक्षाही नको. ती एक शब्द बोलली की तुम्ही दोन बोला, बस.

घट्ट झाकणाचा डबा आणा, त्यात कुरमुरे भरा आणि तिच्या हातात द्या. तिला उघडणार नाही, ती तुमच्याकडे आणेल. मग "उघड" हा शब्द येतो. माझ्या खोलीत सगळ्यात जास्त मुलांनी पहिलं क्रियापद याच डब्यावर म्हटलंय.

कानात पाणी आहे तोवर लांबून, दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. समोर या, तोंड दिसू द्या, टीव्ही बंद. दोन वर्षांखालच्या मुलाला मोबाइल-टीव्ही नकोच असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. दोन ते पाचमध्येही दिवसाला तासाभरापेक्षा कमी.

मोगरा | २४ जानेवारी, रात्री ९:२०

माझाही प्रश्न घुसडते. मुलगा ३४ आठवड्यांचा, आता अडीच वर्षांचा, थोडं कमी बोलतो. प्लेग्रुपमध्ये सांगितलं, घरात दोन भाषा गोंधळ करतात, फक्त इंग्रजी बोला. सासरी सगळे मराठी. सासूबाई आता त्याच्याशी बोलायलाच कचरतात.

वाचा_श्रवण | २४ जानेवारी, रात्री १०:०५

कृपा करून आजीला बोलू द्या! दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, प्रीमॅच्युअर मुलांचंही नाही. ज्या भाषेत तुम्हाला राग येतो, लाड करता येतात, गोष्ट सांगता येते, तीच बाळाशी बोला. तोडकंमोडकं इंग्रजी ऐकून मुलाला भाषा येत नाही, आणि आजी गप्प झाली तर दिवसातले किती शब्द गेले त्याचा हिशेब नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजायचे. चिऊचं "आठे" हा पूर्ण शब्द आहे, मी तो आनंदाने धरला.

आजी_पंचवटी | २५ जानेवारी, सकाळी ८:३०

मी आधी वेखंडाचं लिहिलं ते मागे घेते. मला हे कान-नसेचं ठाऊक नव्हतं. माझं नातवंड येत्या महिन्यात होणार आहे, डॉक्टरांनी दिवस आधी भरतील असं सांगितलंय. ती बेरा कुठे होते ते सुनेला लिहून ठेवायला सांगते. दहा आकडे मोजायचं मात्र मला जमेल, मी जपाची माळ घेऊन बसेन.

जेलरोडची_आई | २६ फेब्रुवारी, रात्री ११:०५

महिना झाला. थेरपी आठवड्यातून दोनदा. खर्च परवडेना म्हणून सिव्हिलला डीईआयसीत (लहान मुलांच्या लवकर उपचारांच्या जिल्हा केंद्रात) जायला लागलो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ते मोफत आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, आणि हे मला अंगणवाडीच्या ताईंकडून कळलं. गर्दी असते, थांबावं लागतं, पण नीट बघतात. एम-चॅटही भरला, धोका कमी आला.

सगळ्यात अवघड मला गप्प बसणं गेलं. द्राक्षं सुरू झालीत. एक द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायच्या (अख्खं देऊ नका, घशात अडकतं) आणि एक फोड बोटात धरून बसायचं. पहिल्या दिवशी सहा मोजले आणि देऊन टाकली. सासूबाई आत निघून गेल्या, त्यांना बघवेना. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने फोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओठ मिटून "म्म्म" केलं. मी दिली. पुन्हा फोड धरली. पुन्हा "म्म्म", आणि मग "मम". वाटीत नऊ फोडी होत्या, नऊ वेळा "मम". मी शेवटची दिल्यावर तिने रिकामी वाटी माझ्यापुढे धरली आणि हात उलटे करून म्हणाली, "नाय".

आता २१ शब्द आहेत, सासूबाईंनी कॅलेंडरच्या मागे लिहिलेत. त्यातले सात अहिराणी.

देवळाली_बाबा | २७ फेब्रुवारी, सकाळी ७:००

नऊ वेळा. बायकोला वाचून दाखवलं, दोघंही गप्प बसलो. तारीख लिहून ठेवा त्या कॅलेंडरवर.

जेलरोडची_आई | ३० एप्रिल, रात्री १०:३०

पुन्हा टिंपॅनोमेट्री केली. उजव्या कानाचा आलेख डोंगरासारखा वर आला. डावा अजून बसका. सर्जन म्हणाले, ग्रोमेटची घाई नको, जुलैत बघू. शब्द ६० च्या पुढे गेले, मग मोजणं सोडलं. "पापा टाटा", "माय आठे". अजून 'आई' नाही. मला "ए" म्हणते.

सिन्नरकर_बाबा | २ मे, दुपारी १२:४०

आम्ही दोघांचीही बेरा केली, दोघांचीही नॉर्मल. एक बोलतो म्हणून दुसरा बोलत नाही हे खरं नव्हतं, थेरपिस्ट म्हणाल्या दोघांना वेगळं वेगळं घेऊन बसा. आता संध्याकाळी मी एकाला घेऊन गच्चीवर जातो, ही दुसऱ्याला घेऊन ओट्यापाशी. धाकट्याने परवा "कबू" म्हटलं. कबुतर.

जेलरोडची_आई | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:५०

दोन्ही कान मोकळे झाले, ग्रोमेट लागलं नाही. चिऊ आता ३३ महिन्यांची. काल गोदेला पाणी चढलं म्हणून हे लांबूनच दाखवायला घेऊन गेले होते. घरी येऊन मला ओढत खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "आई, पाणी मोठ्ठं. पापा भ्याले." हे म्हणतात, मी नाही भ्यालो. ती म्हणते, भ्याले.

'स' अजून 'त' म्हणते, लांब वाक्यात अडखळते. थेरपी सुरूच आहे.

वाचा_श्रवण | ९ ऑगस्ट, रात्री ९:१५

'स' चं 'त' या वयात चालतं. एवढंच सांगते, इतक्यात सोडून देऊ नका. इतक्या लवकर जन्मलेल्या मुलांना साधी वाक्यं जमल्यावरही गोष्ट सलग सांगणं, "का" आणि "म्हणून" जोडणं कधी कधी जड जातं, आणि ते शाळेत गेल्यावर दिसतं. पहिलीपर्यंत वर्षातून एकदा दाखवत राहा. आज पापांची गोष्ट सांगितली, उद्या तिला विचारा, पापा का भ्याले? आणि मोजा दहा.

मोगरा | १० ऑगस्ट, सकाळी १०:१०

बेरासाठी आमचा नंबर गुरुवारी लागलाय. सोबत काय न्यायचं?

जेलरोडची_आई | १० ऑगस्ट, दुपारी १:३०

एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड, त्यात कोणती इंजेक्शनं दिली ते असतं. जुना ओएईचा कागद. त्याची नेहमीची गोधडी, दुधाची बाटली, आणि शक्य असेल तर आजी. सर्दी असेल तर आधी फोन करून विचारा. पहाटे उठवा, आणि द्वारकाच्या सिग्नलला झोपू देऊ नका.